पांढरं औषध गेलं कुठे?

फोनवर पलीकडून नुसतं "मॅडम, लगेच या" एवढंच ऐकू आलं. मागे कुणीतरी टॉवेल मागत होतं.

दुर्बीणबाईंनी चहा तसाच टाकला आणि लिफ्टची वाट न बघता जिना गाठला. घशातून दुर्बीण घालून लोकांची जठरं तपासायची हे त्यांचं काम, म्हणून अख्ख्या इस्पितळात त्या दुर्बीणबाई. हात सोन्याचा, पण तोंड असं फटकळ की त्यांच्याशी बोलायला जाणारा आधी आवंढा गिळायचा.

अतिदक्षता विभागातल्या खिडकीजवळच्या खाटेवर रंगारी होता. परांचीवरून पडून डोक्याला जबर मार लागला, तेव्हापासून तो बेशुद्ध होता आणि श्वास यंत्रावर चालला होता. पण सुधारत होता. काल त्याने बायकोचं बोट दाबलं म्हणून सगळ्या विभागाला बरं वाटलं होतं. आज त्याच्या तोंडातून काळपट लाल रक्त येत होतं आणि उशी भिजून गेली होती.

"तयारी झालीये, ताई," विभागप्रमुख हळू आवाजात म्हणाले. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. कधी आवाज न चढवणारा, प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवणारा माणूस. "पोटातली नळी मी स्वतःच काढून टाकली. तुमच्या दुर्बिणीला अडथळा नको."

बाईंनी मान हलवली. नळी आत असतानाच तिच्या कडेने दुर्बीण घालून त्या आजवर काम करत आल्या होत्या, पण रक्त वाहत असताना त्यावर वाद कोण घालणार.

पडद्यावर जठर दिसलं. अस्तर जागोजागी सोललेलं होतं आणि एका खोल जखमेतून रक्ताची चिळकांडी उडत होती. बाईंनी तिथे सुई टोचली, चिमटा बसवला. चिळकांडी थांबली. मग त्यांनी पाणी मारून सगळं जठर धुतलं, कोपरा न् कोपरा बघितला, पुन्हा एकदा बघितला आणि त्यांचं टाळकं सरकलं.

"पांढरं कुठेय?" त्या म्हणाल्या.

रंगाऱ्याची देखभाल करणारी सिस्टर खाटेशी उभी होती. तिला कळेना. "काय, मॅडम?"

"औषध. पांढरं औषध. कधी दिलं होतं?"

"आज सकाळीच दिलं. रक्त यायच्या थोडंच आधी."

"मग मला भिंतीवर एक ठिपका का दिसत नाही? खोटं कुणाशी बोलताय?"

सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला. मोठ्या सरांनी पुढे होऊन तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "नंतर, ताई. पोरगी दमलेली आहे."

राग येण्यासारखंच होतं ते. डोकं फुटलेल्या, यंत्रावर असलेल्या माणसाचं शरीर सगळं रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवतं. जठराचं अस्तर रक्तावाचून दुबळं पडतं आणि जठरातलंच आम्ल त्याला जाळतं. असं होणार हे डॉक्टरांना आधीपासून माहीत असतं, म्हणून अशा रोग्याला आधीच औषध देतात. बहुतेक ठिकाणी आम्ल कमी करणारं इंजेक्शन असतं. मोठ्या सरांना ते पसंत नव्हतं. आम्ल कमी झालं की जंतू माजतात आणि छातीत उतरतात, असं त्यांचं मत; भाषणांतही ते हे अभिमानाने सांगत. त्यांच्या विभागात नाकातून पोटात घातलेल्या नळीवाटे एक दाट पांढरं औषध देत. ते जठराला आतून लेप देतं. आम्ल असतं तिथे राहतं, पण जखमेपर्यंत पोचत नाही. दोन्ही पद्धती मान्य आहेत. औषध दिलं तर.

इस्पितळाच्या अधीक्षकांच्या खोलीत बाईंच्या शेजारी मोठे सर अगदी दुःखी होऊन बसले होते.

"औषध दिलं असतं तर रक्त आलं नसतं," ते म्हणाले. "रक्त आलं, म्हणजे दिलं नाही. दुसरं काय समजायचं? पण पोरीवर एकामागोमाग दोन ड्यूट्या पडतात. पोलीस वगैरे नको. गुपचूप कामावरून कमी करा, तिचंही भलं होईल."

"आणि रंगारी गेला तर?" अधीक्षकांनी विचारलं. "त्याच्या बायकोला काय सांगू? मग पोलीस बोलवावेच लागतील. निष्काळजीपणाने मृत्यू म्हणजे तुरुंग आहे."

"तसं झालं तर माझा इलाज नाही," मोठे सर म्हणाले.

सिस्टरवर बाई सगळ्यांदेखत ओरडल्या होत्या आणि आपणच ओरडलो म्हणून ती दोषी असावी अशी इच्छा त्यांच्या मनात डोकावत होती. हे लक्षात आल्यावर त्यांना स्वतःचाच संताप आला. त्या उठल्या आणि सिस्टरला शोधत धुतलेल्या चादरींच्या खोलीत गेल्या.

सिस्टर रडत नव्हती. चादरींच्या घड्या घालत होती, आणि त्यासुद्धा दात-ओठ खाऊन.

"औषध दिलंत?"

"दिलं."

"शपथेवर?"

"शपथ कशाला, मॅडम? सिरिंज भरली, नळीत सोडलं, मागून पाणी सोडलं. इतकी वर्षं हेच करतेय. तुम्हाला मान्य नसेल तर नसू दे."

"आणि जेवण? नळीतलं?"

"तेही. पिशवी सकाळी संपली, मी दुसरी लावली. ती चालू असतानाच रक्त आलं."

बाई थबकल्या. "पिशवी चालू होती?"

"हो. का?"

"जठरात मला रक्त दिसलं आणि आम्ल दिसलं. जेवणाचा थेंब नव्हता."

औषध द्यायचा कंटाळा एखादी करील. पण संपलेल्या पिशवीतलं जेवण कुणी पळवलं?

बाहेरच्या बाकावर रंगाऱ्याची बायको बसली होती. बाई तिच्या शेजारी टेकल्या.

"आज सकाळी तुम्ही काचेतून बघत होतात?"

"रोज बघते. त्याशिवाय दुसरं काय आहे मला?"

"सिस्टर काय करत होत्या?"

"पांढरं औषध देत होत्या. दाट. चुन्यात पाणी कमी पडलं की होतं ना, तसं. हे घरी चुना कालवायचे, म्हणून माझ्या लक्षात राहिलं." तिने पदराने नाक पुसलं. "पण मोठे सर म्हणाले, त्या बाईने औषध चुकवलं. तिचं तोंड बघू नका म्हणाले. माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू की सरांवर? सर तर देवमाणूस."

"तुम्ही घरून काही आणून दिलंत का ह्यांना? दुखण्यावरची गोळी, पूड? त्यांनीही जठर सोलवटतं."

"बेशुद्ध माणसाला मी काय देणार, बाई?"

खरं होतं. बाईंना आपला प्रश्नच मूर्खासारखा वाटला.

त्यांनी रंगाऱ्याच्या खाटेजवळची औषधाची बाटली उचलली आणि प्रयोगशाळा गाठली. कदाचित औषधच भेसळीचं असेल. स्टीलच्या वाडग्यात जठरात असतं तेवढं आंबट पाणी केलं आणि त्यात थोडं औषध ओतलं. बघता बघता त्याचा चिकट गोळा झाला आणि वाडग्याला घट्ट बसला. बाईंनी वरून दुर्बिणीतून मारतात तसा पाण्याचा फवारा मारला. गोळा हलला नाही. शेवटी चमच्याने खरवडावा लागला.

म्हणजे औषध खरं होतं. ते जठरात पडलं असतं तर फवाऱ्याने निघालं नसतं, रक्ताने तर मुळीच नाही. सिस्टर खरं बोलत होती, बायकोने ते बघितलं होतं, आणि तरी जठरात काही नव्हतं. पाणी कुठेतरी मुरत होतं.

तेवढ्यात पुन्हा फोन आला.

रंगाऱ्याच्या दुसऱ्या जखमेने तोंड उघडलं होतं. या वेळी बाई पोचेपर्यंत रक्तदाब लागत नव्हता. त्यांनी दुर्बीण घातली, रक्ताच्या पिशव्या चढवल्या, सिस्टर छाती दाबत राहिली. मोठे सर खाटेच्या पायाशी उभे राहून मान हलवत होते. रंगारी वाचला नाही. कुठल्यातरी परक्याच्या घराची भिंत रंगवायला चढलेला धडधाकट माणूस, डोक्याच्या जखमेतून बाहेर येत होता, आणि पोटातल्या आम्लाने गेला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एखादं यंत्र उचलून भिंतीवर आपटावं असं त्यांना वाटलं.

मोठे सर अधीक्षकांकडे गेले. बाई तिथेच खाटेच्या दांडीला धरून उभ्या राहिल्या आणि विभागाकडे बघत राहिल्या. यंत्रं, पडदे, खाटा. शेजारच्या खाटेवर एक म्हाताऱ्या शिक्षिका होत्या. त्यांचं तोंड दाराकडे होतं. पलीकडच्या टेंपोवाल्याचं तोंडही दाराकडे. त्याच्या पलीकडच्याचंही.

"सगळे एकाच कुशीवर का?" बाईंनी विचारलं.

"उजव्या कुशीवर ठेवायचं, असं सरांचं सांगणं आहे," सिस्टर म्हणाली. "राउंड झाली की सर स्वतः एकेकाला वळवतात, नळी नीट बसवतात."

"नळी नीट बसवतात म्हणजे?"

"नाकापाशी नवी पट्टी लावतात. आम्ही हात लावलेला त्यांना आवडत नाही."

बाई शिक्षिकांच्या उशाशी वाकल्या. नाकातून बाहेर आलेल्या नळीचं टोक गालापाशीच संपत होतं.

"ही एवढीशीच बाहेर असते?"

"पूर्वी खांद्यापर्यंत यायची. खांद्याला अडकवता यायची. हल्ली कानामागे बसवावी लागते."

"विचारलं नाहीत?"

"मोठ्या सरांना?" सिस्टर पहिल्यांदाच कडवट हसली. "त्यांच्या राउंडला प्रश्न विचारायचा नसतो, मॅडम. ते रागवत नाहीत. नुसतं 'बाळ, थकलीस का?' म्हणतात, आणि पुढच्या महिन्यात माणूस दुसऱ्या विभागात दिसतो."

"जेवण द्यायच्या आधी सिरिंजने ओढून बघता ना, आधीचं किती शिल्लक आहे ते?"

"बघतो. हल्ली काही येतच नाही. पूर्वी वाटीभर यायचं आणि जेवण थांबवावं लागायचं. आता कधी आलं तर दोन-चार थेंब, हिरवट पिवळे. सर म्हणाले, बघा, पोटं कशी छान पचवायला लागली."

बाईंनी डोळे मिटले. मग उघडले आणि अगदी हळू म्हणाल्या, "सगळ्या खाटांवर आम्ल कमी करणारं इंजेक्शन. आत्ता. सरांना विचारायचं नाही, माझ्या सहीने द्या. आणि सिस्टर, सकाळी मी तुमच्यावर ओरडले. चूक माझी होती."

सिस्टर इंजेक्शनं भरायला गेली.

अधीक्षकांच्या हातात फोनचा रिसीव्हर होता. "पोलिसांनाच लावतोय," ते म्हणाले. "नाइलाज आहे."

"लावा. पण आधी सरांना एक विचारायचंय." बाई बसल्या नाहीत. "सर, बाकीच्या रोग्यांना खबरदारी म्हणून इंजेक्शन चालू करायचं का?"

"कशाला, ताई?" मोठे सर मऊपणे म्हणाले. "त्यांच्या सिस्टर वेगळ्या आहेत. त्यांना औषध वेळेवर मिळतंय."

"खात्री आहे?"

"पूर्ण."

"बास," बाई म्हणाल्या. "अधीक्षक, रिसीव्हर ठेवा आणि वर चला. सर, तुम्हीपण. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल तर निदान चोरासमोर द्या."

वर जाताना बाईंनी बाकावरच्या बायकोचा हात धरून तिला उठवलं. अधीक्षक पुटपुटले, "नातेवाईक कशाला, आतल्या आत बघू." बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

शिक्षिकांच्या खाटेशी सगळे उभे राहिले. बाईंनी स्वतः सिरिंज नळीला लावली आणि सावकाश ओढलं. सिरिंजमध्ये हिरवट पिवळं पाणी आलं. त्याचा एक थेंब त्यांनी निळ्या कागदावर टाकला.

"जठरातला रस असता तर हा कागद लाल झाला असता. झाला नाही. हे पित्त आहे. नळीचं टोक जठरात नाहीच. ते जठर ओलांडून पुढे लहान आतड्यात गेलंय."

अधीक्षकांनी चष्मा नीट केला. "म्हणजे?"

"म्हणजे सिस्टरने औषध दिलं, जेवणही दिलं. दोन्ही जठराला न शिवता पुढे उतरलं. माणसाला जेवण मिळत होतं आणि जठर मात्र उपाशी, आम्लात बुडालेलं. लेप द्यायचा भिंतीला आणि रंग ओतायचा गटारात, असा प्रकार."

"नळी सरकते कधीकधी," मोठे सर म्हणाले. "त्यात कुणाचा दोष?"

"एकाची सरकते. सगळ्यांची एकदम सरकत नाही." बाई त्यांच्याकडे वळल्या. "नळी जास्त आत ढकलायची, रोग्याला उजव्या कुशीवर ठेवायचं, की जठराच्या हालचालीने टोक आपोआप पुढे जातं. कुठलाही आयसीयूवाला हे जाणतो. आणि ते वाईटही नाही. ज्याचं पोट तुंबतं त्याला असंच भरवतात. पण तेव्हा हे पांढरं औषध बंद करायचं आणि इंजेक्शन द्यायचं, हे शिकाऊ डॉक्टरलाही ठाऊक असतं. तुम्ही नळी लपवून सरकवलीत. का, तर तुमच्या भाषणांत तुम्ही सांगता, आमच्या विभागात रोग्याचं जेवण कधी थांबत नाही आणि इंजेक्शनही लागत नाही. पोटं तुंबायला लागली तेव्हा तुम्हाला एक बढाई सोडावी लागणार होती. तुम्ही दोन्ही ठेवल्यात."

"ताई, ही माझी समजण्यातली चूक असू शकते..."

"सकाळी आठवलं असेल. रक्त बघितल्याबरोबर. म्हणून नळी काढायचं सिस्टरचं काम तुम्ही स्वतः केलंत, मी येण्याआधी. आत असती तर पडद्यावर मला पुढे जाताना दिसली असती. इथपर्यंत चूक होती, सर. चूक माणसाकडून होते. पण त्यानंतर तुम्ही ह्या बाईच्या पाठीवर हात ठेवून तिचा केसाने गळा कापलात. आणि बाकीच्या खाटांवर तेच चालू आहे हे माहीत असून इंजेक्शन दिलं नाहीत, कारण दिलं असतं तर कळलं असतं. आत्ता खाली मी विचारलं, तेव्हाही नाही म्हणालात. तुम्ही ह्या सगळ्यांना रक्त ओकू दिलं असतंत."

मोठ्या सरांनी पाठीवर ठेवायला कुणीतरी शोधत हात पुढे केला. अधीक्षक बाजूला सरकले.

रंगाऱ्याची बायको इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होती. ती पुढे आली आणि मोठ्या सरांच्या अगदी समोर उभी राहिली.

"मला तुम्ही चहा पाजलात," ती म्हणाली. "ह्यांचं रक्त पुसलेल्या हाताने माझा खांदा थोपटलात. आणि हिचं तोंड बघू नका म्हणालात."

"वहिनी, वैद्यकीय गोष्टी इतक्या सोप्या नसतात..."

"मला वहिनी म्हणू नका."

अधीक्षक घसा साफ करून बाहेर गेले. दारातून त्यांचा आवाज ऐकू आला, पोलिसांना नाव सांगत होते, आणि ते सिस्टरचं नव्हतं. मोठे सर खुर्चीत बसले. त्यांना पाणी हवं का, हे त्या विभागात पहिल्यांदाच कुणी विचारलं नाही.

बायको वळली. खिडकीजवळच्या खाटेवर पांढरी चादर ओढलेली होती. तिकडे तिने क्षणभर बघितलं आणि मग तोंड फिरवून शिक्षिकांकडे, टेंपोवाल्याकडे, त्याच्या पलीकडच्याकडे बघितलं.

"ह्यांच्या नळ्यांचं काय?" तिने सिस्टरला विचारलं. "ह्यांना वाचवणार का कुणी?"

"इंजेक्शनं दिली, ताई. सगळ्यांना," सिस्टर म्हणाली. "नळ्या आता मागे घेते."

"मग घे ना. मी इथे उभी राहते. काही धरायला लागलं तर सांग."

सिस्टरने शिक्षिकांच्या नाकावरची पट्टी सोडवली. रंगाऱ्याच्या बायकोने त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.